सुमे, आईंशी तूच बोल

पुणे, ऑगस्ट

प्रिय सुमे,

गौरीची गोड बातमी कळवली आणि नंतर मी गप्पच झाले, म्हणून रागावली असशील. राग नंतर काढ, आधी हे वाच. माझा गुडघा बरा आहे, यांची शुगर आटोक्यात आहे. आईंची तब्येत ठणठणीत आहे, पण विषय त्यांचाच आहे.

गुरुवारी गौरी राहायला आली आणि आईंनी हौसेने चहा टाकला. मी वाळत घातलेले कपडे काढून आत आले, तर ओट्यावर आलं, गवती चहा आणि हिरव्या पानांची चिमूट. पानं नखाएवढी, कडा जवळजवळ गुळगुळीत, अंगावर बारीक लव. एक चुरगाळून बघितलं. पुदिन्यासारखाच वास, पण उग्र, थेट डोक्यात जाणारा. पेनीरॉयल! मी पानं केरात टाकली, चहा मोरीत ओतला आणि गौरीच्या देखत म्हणाले, “आई, हे पोटात गेलं असतं तर?” तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

हे झाड मी डासांसाठी लावलं. पुदिन्याच्याच घराण्यातलं, मूळचं युरोप आणि उत्तर आफ्रिकेकडचं. युरोपात पिसवा पळवायला ते फार जुन्या काळापासून वापरतात. बी मातीत पुरायचं नाही, धुळीसारखं बारीक असतं, नुसतं वर भुरभुरवून पाणी फवारायचं. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, माती कायम ओलसर. एप्रिलमध्ये एक दिवस पाणी चुकलं की मान टाकतं, आणि पावसाळ्यात इतकं पसरतं की जमिनीला टेकेल त्या पेराला मुळं फुटतात. म्हणून ते कुंडीतच बरं. याची जांभळी फुलं टोकाला तुऱ्यासारखी नाही येत, पेरापेराशी गोल गुच्छ धरतात. सुमे, काय देखणं दिसतं!

पण नुसती कुंडी ठेवून डास जात नाहीत. पान चुरगाळल्यावर तेल सुटतं, तेव्हा कुठे त्याचा उपयोग. आणि त्या तेलातलं प्युलेगोन नावाचं रसायन यकृतावर घाला घालतं. 1978 साली अमेरिकेत एक अठरा वर्षांची मुलगी दोन मोठे चमचे तेल पिऊन जिवानिशी गेली. पिसवांसाठी अंगाला तेल चोळलेलं कुत्रंही दगावलंय. चिमूटभर पानांचा चहा म्हणजे तेल नव्हे, हे मला कळतं. पण पूर्वी गर्भ पाडायला हेच देत असत गं. पोटुशीच्या कपात ते एक पानसुद्धा नको.

आई म्हणतात, “आम्ही बाळंतशोपा, ओवा, सगळं खाऊन पोरं वाढवली, पुदिन्याने काय होतंय?” मोतीबिंदूमुळे पुदिना आणि पेनीरॉयल या दोन कुंड्यांतला फरक त्यांना दिसत नाही, आणि ते त्या कबूल करणार नाहीत. तुला भाड्याच्या खोलीत ठेवून घेतलं तेव्हाही घड्याळ दिसत नसताना “साडेनऊ वाजून गेले” म्हणून तुझ्यावर ओरडायच्याच की! मला मात्र वाटतं, हा राग नाही. त्या घाबरल्यात. पणतवंडाला आपल्या हातून काही झालं असतं, हे मनात घट्ट बसलंय. बाल्कनीत पाऊल टाकत नाहीत. रविवारी कुंड्यांखालच्या बश्या घासायचं काम त्यांचं, तेही सोडलंय. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या बशीच्या कडेलाही महिनोन् महिने तग धरतात, म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही. त्या हे मन लावून करायच्या, आणि गौरीसाठी ते पेनीरॉयलपेक्षा शंभरपट कामाचं आहे. (मच्छरदाणीत गुदमरतं म्हणून तू ती लावू दिली नाहीस आणि मलेरिया मला झाला, हे मी विसरलेले नाही.)

कुंडी उचलून टाकली, तर आईंना वाटेल दोष त्यांच्यावर शिक्कामोर्तब झाला. ठेवली, तर मला झोप नाही. हे म्हणतात, “टाक, विषय संपव.” बाईच्या हातातली बाग काढून घेणं म्हणजे काय, ते यांना कळत नाही. तुला कळेल. तुझ्या आईची अबोली उपटली तेव्हा त्या किती दिवस जेवल्या नव्हत्या, ते तू पाहिलंस.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? नंदूच्या बदलीचं काय झालं? आणि खांदा दाखवून ये बाई, टाळू नकोस.

आता ऐक. या आठवड्यात आईंना फोन कर. माझं नाव काढू नकोस. म्हण, “काकू, मला पेनीरॉयलचं रोप हवंय, तुमच्याकडचं द्या.” सगळी कुंडी घेऊन जा, तुझ्या गच्चीवर भरपूर जागा आहे आणि तुझ्याकडे ना मांजर ना लहान मूल. त्यांनी स्वतःच्या हाताने दिली, तर टाकली असं होणार नाही. तुझा शब्द त्या मोडत नाहीत, माझा मोडतात. आणि येताना एक साधा, मोठ्या पानांचा पुदिना आण त्यांच्यासाठी. पुढच्या शनिवारी ये, गौरीही आहे.

तुझी,
मंगल