गढूळलेला फ्लास्क

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. तिसऱ्यांदा टायटॅनियम डायऑक्साइडचा सोल, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं मिश्रण, गढूळला, पांढरा साका तळाशी बसला आणि तू फ्लास्क धुऊन टाकलास. ते धुणं मला रात्रभर सलत राहिलं, म्हणून लिहिते आहे.

ज्या द्रवापासून तो सोल करतो, त्या टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडला पाणी म्हणजे निमित्तच हवं असतं. हवेतल्या ओलाव्यानंही ते पांढरं धरतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे दोन महिने यातच गेले. कृती तीच, मापं तीच. एके दिवशी काचेसारखा नितळ सोल, दुसऱ्या दिवशी दही. मग वहीत रोजची आर्द्रता लिहू लागले, तेव्हा कळलं, दमट दिवशीच घात होतो. पाणी थेट न ओतता आम्ल घातलेल्या अल्कोहोलमधून थेंबाथेंबानं सोडलं, आणि जमलं. बिघडलेल्या दिवसांच्या नोंदी नसत्या, तर हे कधीच उमगलं नसतं.

1857 साली मायकेल फॅरेडेनं सोन्याचं माणकासारखं लाल द्रावण केलं. मीठ पडताच ते निळं झालं. त्यानं ते फेकलं नाही, लिहून ठेवलं. आणि लाल असो वा निळं, आत बारीक विभागलेलं सोनंच आहे, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसताना ताडलं. मिठानं कण एकमेकांना चिकटतात. आज सोन्याच्या नॅनोकणांच्या कितीतरी चाचण्या याच रंगबदलावर चालतात!

आणि कण चिकटणारच गं. 1 सेंटिमीटरचा घन 1 नॅनोमीटरच्या घनांत चिरला, तर 6 चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग 6000 चौरस मीटर होतो. एवढा उघडा पृष्ठभाग कुठेतरी टेकायला बघतो. पण तुला पाण्यातला रंग प्रकाशानं तोडायचा आहे, तो तुटणार याच पृष्ठभागावर. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाशात पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून या पांढऱ्या पुडीचा नाद कुणाला सुटलेला नाही. मलाही नाही.

पुढचा फ्लास्क गढूळला तर साका गाळ, धू, वाळव आणि एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीला, दे. आलेखात नुसतं पसरट कुबड दिसलं तर तो अस्फटिक आहे; 450 अंश सेल्सियसवर भाजून पुन्हा दे. ॲनाटेस या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाचं शिखर 25.3 अंशांच्या कोनापाशी येतंय का बघ. ते किती रुंद आहे तेही मोज, त्यावरून स्फटिकांचा आकार काढता येईल. आकडा आला की लगेच कळव, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई