काका, मालदीवला जाऊन आले, आता हे जाहीर आभार

काका, नमस्कार.

खरंतर हे तुमच्या घरी येऊन तोंडावर बोलता आलं असतं, पण तुम्ही दोन मिनिटांत विषय बदलून चहा घे म्हणाला असतात, म्हणून फ्लाय फिशिंग शिकवल्याबद्दलचे हे आभार सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, काकूंनी तशी अटच घातलीये. ठाण्यातल्या ज्यांनी तुम्हाला पहाटे उपवन तलावाच्या काठावर हातात लांब रॉड घेऊन उभं राहिलेलं बघितलंय त्यांना आपोआप कळेल.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आपल्याकडे खाडीवर गळ टाकणारे भरपूर आहेत, पण फ्लाय फिशिंग फार कमी जणांनी बघितलंय. साध्या रॉडला आमिषाचं किंवा ल्यूरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वजन असतं आणि ते वजन दोरा ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं खोटं आमिष, त्याला वजन जवळजवळ नसतंच, पिसं, केस, थोडी चमकी, बस. त्यामुळे इथे वजन लाइनमध्ये असतं, जाड प्लॅस्टिकचं आवरण असलेली लाइन हवेत मागे-पुढे झुलवून सोडायची आणि ती फ्लायला घेऊन जाते. रॉडचे नंबरही त्या लाइनच्या वजनावरून, म्हणजे बोनफिशसाठी ८ नंबर आणि जीटी (जायंट ट्रेव्हली) नावाचा जो मोठा राक्षस मासा आहे (आपल्या कोकरीच्याच कुळातला, पण माणसाच्या वजनाचा होऊ शकतो) त्याला १२ नंबर.

काका आयुष्यभर बोटीवर होते, चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, आणि हे सगळं ते बंदराबंदरात शिकलेत. मी त्यांच्या बिल्डिंगमधली, गेल्या वर्षी लिफ्टमध्ये सहज विचारलं काका ही नळी कसली, तिथून सुरू झालं.

काका, तुम्ही मला कितीतरी दिवस फ्लाय बांधूच दिली नाहीत. लोकरीचा तुकडा बांधायचा आणि टाकत राहायचं. मागे गेलेली लाइन पूर्ण सरळ होऊ दे, मगच पुढे आण, घाई केलीस की सगळं पायाशी कोसळतं, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत आणि एकदाही आवाज चढवला नाहीत. मग डबल हॉल, म्हणजे उजव्या हाताने रॉड चालवताना डाव्या हाताने लाइनला मागे एक झटका आणि पुढे एक झटका, त्याने लाइनचा वेग वाढतो. उपवनला वारा नसताना मला वाटायचं कशाला हवंय हे, तुम्ही म्हणालात रीफवर, म्हणजे उथळ प्रवाळ खडकावर, वारा सुटला की विचार. काका, विचारायची गरजच पडली नाही, पहिल्याच सकाळी समोरून असा वारा होता की डबल हॉल येत नसता तर मी नुसती उभी राहिले असते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम तुम्ही पार्किंगमध्ये केलंत. लोकरीचं टोक स्वतःच्या मुठीत धरून तुम्ही मासा झालात आणि मला म्हणालात, आता ओढ. रॉड वर उचलला की तुम्ही मूठ सोडून द्यायचात. नदीतल्या ट्राउटला रॉड उचलून चालतं, खाऱ्या पाण्यात नाही, इथे माशाने फ्लाय तोंडात घेतली की रॉडचं टोक त्याच्याकडेच ठेवायचं आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचायची, त्याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. सत्तरीच्या पुढचा माणूस रात्री जेवण झाल्यावर खांबांच्या मधून लाइन धरून पळतोय आणि वॉचमन बघत उभा, हे मी कधीच विसरणार नाही.

आणि तिथी! हे तर मला पूर्णपणे तुमच्याकडून मिळालं. तुमची आई अलिबागकडची, तिचा हिशोब तुम्ही मला ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी शिकवलात, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. समोर चिखलात फ्लेमिंगो, मागे ट्रेनचा आवाज, आणि तुम्ही घड्याळ न बघता सांगताय की आता पाणी फिरेल. मी मालदीवला हेच वापरू का विचारलं तर तुम्ही म्हणालात वेळ तिथल्या माणसाला विचार, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी, पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) चंद्राचे आहेत, ते तिकडेही तेच. मग आम्ही कालनिर्णय समोर घेऊन पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरले. आपल्याकडे उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, तिथे सगळा खेळ जेमतेम मीटरभराचा, पण सपाट रीफवर तो मीटरच सगळं ठरवतो, पाणी गुडघ्याएवढं झालं की मासे चरायला वर येतात आणि उतरायला लागलं की खोल पाण्याच्या काठाला जमतात.

तर प्रवास म्हणाल तर सोपा, मुंबईहून माले तीनेक तासांत, व्हिसा तिथे पोचल्यावर, पुढे स्पीडबोटीने एका छोट्या बेटावर गेस्टहाउसमध्ये. माझा भाऊ सोबत होता, तो स्नॉर्केलिंग करत राहिला.

बोनफिशबद्दल तुम्ही सांगितलं होतंत मासा शोधू नकोस, सावली शोध. त्याचे खवले आरशासारखे, खालची वाळूच त्यात दिसते, म्हणून मासा दिसतच नाही आणि सावली मात्र लपत नाही. तुम्ही दिलेला तो तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा लावून, ऊन पाठीवर घेऊन मी नुसती उभी राहिले, काहीही न टाकता. गाइड त्याच बेटावरचा मुलगा, घरात पिढ्यानपिढ्या बांबूच्या काठीने टूना पकडणारे, तो घड्याळाच्या भाषेत बोलायचा, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, हे १२, आणि तो हळूच म्हणाला ११ वाजता, ४० फूट, डावीकडे येतायत. आणि मला दिसले काका! वाळूवरून सरकणाऱ्या चार-पाच राखाडी रेघा. टाकलं, थांबले, दोनदा छोटं ओढलं, लाइन जड झाली आणि डावा हात आपोआप मागे गेला, रॉड खालीच होता. पुढे जे झालं ते शब्दात सांगणं अवघड आहे, एवढासा मासा पण लाइन संपून मागचा बॅकिंगचा दोरा रीलवरून सूं सूं जात होता आणि मी मोठमोठ्याने ओरडत होते.

फ्लाय तुम्हीच बांधलेली, क्लाउझर. बॉब क्लाउझर नावाच्या अमेरिकन माणसाने ती १९८७ साली नदीतल्या बास माशांसाठी काढली आणि आज जगभर समुद्रात चालते, कारण तिच्या डोळ्यांचं वजन अशा जागी असतं की गळ उलटा, टोक वर करून पोहतो आणि वाळूत किंवा प्रवाळात अडकत नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा तुम्ही आधीच पक्कडीने दाबून ठेवलात. त्यामुळे मासा पाण्याबाहेर न काढता, हात ओले करून, एका झटक्यात सुटला. सोडताना तो जोमाने शेपटी मारेपर्यंत थांबायचं, कारण काळ्या टोकाचे छोटे शार्क उथळ पाण्यात फिरत असतात आणि थकलेला मासा त्यांना लगेच कळतो. हे पण तुमचंच वाक्य माझ्या तोंडून भावाला ऐकवलं.

जीटी लागला होता. एका मोठ्या रेच्या पाठीवर, म्हणजे पाकटाच्या पाठीमागून येत होता, पाकट वाळू उकरतो आणि हा वरून उठलेलं खातो. १२ नंबरचा रॉड गाइडचा होता. जीटीने फ्लाय घेतली, आणि सरळ प्रवाळाच्या कड्यावरून खाली गेला, जाड लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधला दोरा, कापला गेला. मला वाईट वाटलं नाही काका, खरंच, पाय थरथरत होते नुसते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. काही ठिकाणी प्रवाळ सगळं राखाडी, तुटलेलं. १९९८ ला समुद्र तापला तेव्हा मालदीवमधलं उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ मेलं होतं, सावरत होतं तर २०१६ ला परत तसंच झालं. त्यामुळे तुम्ही जे बजावलं होतंत की पाय फक्त वाळूवर, जिवंत प्रवाळावर कधीच नाही, ते मी शेवटपर्यंत पाळलं, लांबून वळसा घालून जावं लागलं तरी. तिथे २०१० साली शार्क मारायला बंदी घातली गेली, ते कळून फार बरं वाटलं.

तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. रॉड दिलात, रील दिलीत, गरम हवेत नरम न पडणारी ती खास लाइन दिलीत, बूट मात्र विकत घ्यायला लावलेत, दगडमाशाच्या काट्याला चप्पल पुरत नाही म्हणून. आणि वेळ दिलात, तो तर मोजताच येणार नाही. आमच्या घरी बाबा गेल्यानंतर एवढ्या शांतपणे मला काही शिकवणारं कुणी नव्हतं. मनापासून थँक यू काका.

रील गोड्या पाण्याने धुवून सुकवलीये, रविवारी घेऊन येते. आणि काकूंशी माझं बोलणं झालंय, पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही चलायचं, गुडघ्याचं कारण देऊ नका, बोटीवर बसूनही टाकता येतं, मी गाइडला विचारून ठेवलंय.

तुमचीच,
बी विंगमधली पोरगी