आगालेगाचा करार बेटवासीयांसमोर ठेवा : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार
यांस सविनय नमस्कार.

विषय : आगालेगा बेटांवरील सुविधांबाबतचा करार प्रसिद्ध करणे आणि तेथील रहिवाशांच्या वास्तव्याच्या हक्काला लेखी हमी देणे.

महोदय,

मॉरिशसच्या मुख्य बेटापासून उत्तरेला सुमारे 1,100 किलोमीटरवर आगालेगा नावाची दोन चिंचोळी बेटे आहेत. नारळाच्या बागा, थोडी मासेमारी आणि तीनशेच्या आसपास माणसे एवढाच तेथील संसार. या बेटांवर भारताने सुमारे 3 किलोमीटर लांबीची धावपट्टी आणि जेट्टी बांधून दिली असून, 29 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्यांचे उद्घाटन केले. या कामाचा पाया असलेला सामंजस्य करार मार्च 2015 मध्ये झाला, तेव्हा आपण परराष्ट्र सचिव होता. त्या कराराचा उगम आणि हेतू आपल्याइतका जवळून फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

हा प्रकल्प चुकीचा आहे, असे माझे म्हणणे नाही. चीनने 2017 मध्ये पूर्व आफ्रिकेतील जिबूतीला आपला परदेशातील पहिला लष्करी तळ उभारला. त्याच वर्षी श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले आणि ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे टेहळणीक्षम चिनी जहाज भारताचा आक्षेप असतानाही तेथे येऊन थांबले. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कितीतरी जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालणारा लांबचा मार्ग धरला आणि हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागाचे महत्त्व आणखी वाढले. अरक्कोणम आणि गोवा येथून उडणाऱ्या आपल्या पी-8आय या सागरी टेहळणी विमानांना त्या भागात उतरण्याजोगी जागा असणे ही भारताची खरी गरज आहे. ती मान्य करूनच पुढचे लिहितो.

आपल्यालाही बेटावरून हटवले जाईल, ही आगालेगाच्या लोकांची भीती समजून घ्यायची असेल, तर हिंदी महासागरातील चागोस बेटांकडे पाहावे लागते. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वी, 1965 मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्याच्यापासून तोडला आणि त्यापोटी 30 लाख पौंड दिले. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि चागोसमधील दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी मोकळे करायचे ठरले. तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारी, नारळाच्या मळ्यांवर राबणारी माणसे कागदोपत्री ‘हंगामी मजूर’ ठरवली गेली. औषधोपचारासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली गेली, बेटांवरचा रसद-पुरवठा आटवत नेला गेला, आणि 1973 पर्यंत उरलेल्या सर्वांना जहाजांत घालून मॉरिशस व सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवले गेले. जाण्यापूर्वी त्यांची पाळलेली कुत्रीही वायूने मारली गेली. हा शीतयुद्धातील नाविक चढाओढीचा हिशेब होता आणि त्यात दीड-दोन हजार माणसांना कोणतीच किंमत नव्हती.

भारताने या प्रश्नावर सदैव मॉरिशसची बाजू घेतली. मे 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ब्रिटनने चागोस सोडावे, असा ठराव 116 विरुद्ध 6 मतांनी संमत झाला, त्यात भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करार झाला, त्यातही दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षे कायम राहील अशी तरतूद आहे आणि आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही चागोसवासीयांची तक्रार तशीच आहे. ज्या देशाने या विस्थापितांच्या बाजूने मत दिले, त्या देशाचे वर्तन शेजारच्या बेटावर अधिक काटेकोर असायला हवे, अशी माझी धारणा आहे.

आगालेगाचे रहिवासीही मळ्यांवर आणलेल्या गुलामांचेच वंशज आहेत. त्यांच्या एका वस्तीचे नाव ‘व्हँ-सँक’, म्हणजे पंचवीस. गुलामांना मारल्या जाणाऱ्या फटक्यांच्या संख्येवरून ते पडले, असे तेथे सांगितले जाते. ज्या जमिनीवर त्यांची घरे आहेत ती त्यांच्या मालकीची नाही. बेटांचा कारभार सरकारी महामंडळ पाहते. बेटावर पुरेशी रुग्णालयसेवा नसल्याने गरोदर स्त्रियांना बाळंतपणासाठी मुख्य बेटावर जावे लागते. धावपट्टी ही या लोकांची जुनी गरज होती आणि आजारी माणूस वेळेत उपचार मिळाल्याने वाचू शकतो हे त्यांना कोणी पटवून द्यायला नको. त्यांना हवे आहे ते एवढेच, की ही धावपट्टी त्यांच्या राहण्यासाठी असावी, त्यांच्या जाण्यासाठी नव्हे. कोणालाही हटवले जाणार नाही आणि हा लष्करी तळ नाही, असे मॉरिशस सरकारने अनेकदा सांगितले आहे. परंतु कराराचा मजकूर आजवर जनतेसमोर ठेवलेला नाही आणि चागोसचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला तोंडी आश्वासन पुरत नाही.

गुप्ततेने काय साधते, याचा अनुभव आपल्याला सेशेल्समध्ये आलेला आहे. असम्प्शन बेटावरील सुविधांचा सुधारित करार जानेवारी 2018 मध्ये झाला. त्याचा मजकूर फुटून इंटरनेटवर आला, लोक रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांत तो बारगळला. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’ची हाक देणाऱ्यांनी मोजक्या भारतीय सैनिकांच्या उपस्थितीवर निवडणुकीचे राजकारण केले आणि मे 2024 पर्यंत ते सैनिक परत बोलवावे लागले. या दोन्ही ठिकाणी भारताला अडचण झाली ती स्थानिक माणसाच्या मनातील संशयामुळे, आणि तो संशय वाढू देण्यात आपल्या मौनाचाही वाटा होता. पैशाच्या बळावर चीनशी बरोबरी करणे आपल्याला सर्वत्र शक्य नाही. विश्वास ही आपली जमेची बाजू आहे आणि ती आपण विनाकारण खर्ची घालत आहोत.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. आगालेगावर काय घडते, याचे उत्तर उद्या त्यांना आपल्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशातील, शेजाऱ्यांना द्यावे लागेल. इकडे आम्हीही न्हावा-शेवा बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळलेले पाहिले आहे. राष्ट्रहिताच्या बंदरासाठी जागा देणाऱ्या माणसाच्या हाती पक्का कागद नसेल तर त्याचे काय होते, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकावे लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. विमानांच्या हालचाली, दळणवळण यंत्रणा आणि सुरक्षाविषयक तपशील वगळून उरलेला करार मॉरिशस सरकारच्या संमतीने प्रसिद्ध करावा आणि संसदेच्या पटलावर ठेवावा. आगालेगाच्या कोणत्याही रहिवाशाला या सुविधांच्या कारणास्तव बेट सोडावे लागणार नाही, धावपट्टी व जेट्टी त्यांच्या प्रवासाला आणि मालवाहतुकीला खुली राहील, असे कलम पुरवणी करार करून त्यात घालावे. बेटावर प्रसूतीची सोय असलेले छोटे रुग्णालय उभारण्याचा प्रस्ताव भारताने स्वतःहून द्यावा. धावपट्टीच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य असेल. ‘सागर’ आणि ‘महासागर’ ही भारताची सागरी सहकार्याची दोन्ही धोरणे पंतप्रधानांनी मॉरिशसमध्येच, 2015 आणि 2025 मध्ये, जाहीर केली. त्या धोरणांत ज्या सामायिक विकासाचे वचन आहे, त्याची अंमलबजावणी आगालेगापासून सुरू करता येईल.

कराराची एक प्रत मॉरिशसच्या क्रिओल भाषेत छापून व्हँ-सँकमधील प्रत्येक घरी पोहोचवण्याची व्यवस्था आपल्या पोर्ट लुईतील उच्चायुक्तालयाने करावी, ही त्याला जोडून आणखी एक विनंती. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नागरिक