क्रूझच्या सहलीला येणाऱ्यांनी अ‍ॅलर्जी आधी कळवावी

मंडळाच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून बोट, हे आपलं ठरलंच आहे. ज्यांना शेंगदाणा, तीळ, काजू, झिंगे, अंडी किंवा एखाद्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी रविवारपर्यंत मला लिहून कळवावं. बोटीच्या स्वयंपाकघराला हे आधीच सांगावं लागतं.

डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिन (तीव्र अ‍ॅलर्जीत लगेच द्यायचं इंजेक्शन) लिहून दिलं असेल तर दोन डोस आणि चिठ्ठी सोबत घ्या. मोठ्या बॅगेत टाकू नका; बंदरावर ती बॅग आपल्या हातून जाते आणि खोलीत बऱ्याच वेळाने पोचते. औषध खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा, ऊन लागू देऊ नका, फ्रीजमध्येही नको.

बुफेत एकच डाव दोन भांड्यांत फिरतो, म्हणून विचारूनच वाढून घ्या. लाजू नका.

माझ्या भाचीला लग्नाच्या पंगतीत पाटवडीच्या रश्श्यातला शेंगदाण्याचा कूट बाधला. आधी ओठ सुजले, मग आवाज बसला. आम्ही सेट्रिझीनची गोळी देऊन वाट पाहत बसलो, ती मोठी चूक होती. गोळीने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन द्यायचं, पाय उंच करून आडवं निजवायचं (धाप लागली असेल तर बसवायचं), चालवायचं नाही आणि बोटीवरच्या डॉक्टरला लगेच बोलवायचं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस.

खोलीतल्या सोबत्याला हे इंजेक्शन निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांसमोर शिकवून ठेवा.