वायफाय द्या, पण सड्यावर एक लोरा रेडिओ पण बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावात फ्री वायफाय द्या ही मागणी हल्ली सगळीकडेच होते, होऊ दे, मुलांचे फॉर्म भरायला, सातबारा काढायला, मुंबईच्या चाकरमान्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला ते लागतंच. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे लाईट गेली, टॉवर बंद पडले, आणि पलीकडच्या वाडीतली माणसं बरी आहेत का हे बघायला चालत जावं लागत होतं. राउटर असता तरी काय, वीज आणि मागची केबल गेली की तो नुसता डबा. एरवीसुद्धा चिऱ्याच्या दोन भिंती आड आल्या की त्याची रेंज संपते.

त्यापेक्षा लोरा रेडिओचा, म्हणजे थोड्या विजेवर छोटे मेसेज दूरवर पाठवणाऱ्या बिनतारी सेटचा विचार करा ना. हातात मावेल एवढा सेट, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा, मेशटॅस्टिक हे फुकटचं ॲप टाकायचं, सिम नको इंटरनेट नको, आपला मेसेज वाटेतला सेट पकडतो आणि पुढे पाठवतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत जातं. मध्ये काही आडवं नसेल तर एका टप्प्यात कितीतरी किलोमीटर. आपल्याकडे गोची डोंगरांची, खाडीकाठची वाडी आणि डोंगरामागची वाडी एकमेकींना दिसतच नाहीत, म्हणून एक सेट सोलरवर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर पाहिजेच, तो नसेल तर बाकीचे घेऊन उपयोग नाही.

फोटो, कॉल यावर जात नाही. एका मेसेजला साधारण २०० बाइट, त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या, म्हणजे ‘साकव गेला, बोट पाठवा’ एवढंच लिहायचं, निबंध नाही. आणि यावर गुड मॉर्निंग सुरू झालं की चॅनल तुंबलाच म्हणून समजा (आपल्या लोकांचा भरवसा नाही).

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या अशा सेटला वेगळं लायसन लागत नाही, पण ऑनलाइन ४३३ आणि ९१५ मेगाहर्ट्झवाले सेटही विकायला असतात, ते स्वस्त दिसले तरी घेऊ नका.

पंचायतीने वायफायच्या खर्चातच सडा, शाळा आणि बंदर अशा तीन जागी सेट बसवावेत, तेही पावसाच्या आधी, आणि सड्यावरचं पॅनल पुसायला, बॅटरी बघायला कोण जाणार त्याचं नाव त्याच ठरावात लिहावं.

— एक वाचक, ता. दापोली