सात किलोंची एकच बॅग

बारी, इटली,
6 जुलै

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमची तिकिटे मी काल रात्री काढली आणि ती काढताना मोठ्या बॅगांचे पैसे भरले नाहीत. हे फोनवर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुम्हा दोघांना प्रत्येकी सात किलोंची एक बॅग आणि खांद्याला लावायची एक लहान पिशवी एवढेच घेऊन साताऱ्याहून निघायचे आहे. तुम्हाला न विचारता मी हे ठरवले याचे मला वाईट वाटते; तरीही तिकिटे बदलणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

मागच्या खेपेला काय झाले ते आपण तिघेही बोलत नाही, पण मी ते विसरलेले नाही. मोठी बॅग चार दिवस उशिरा आली आणि बाबांच्या गोळ्या तिच्यातच होत्या. त्या मिळवण्यासाठी मी भाषा नीट येत नसताना दोन दिवस हिंडत होते, आणि आई, तू माझे सलवार-कुर्ते घालून खोलीतच बसून राहिलीस. तू एका शब्दाने तक्रार केली नाहीस, आणि त्याचेच मला अधिक लागले. या वेळी तुमची औषधे आणि तुझ्या साड्या तुमच्या हातून क्षणभरही सुटू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे. शिवाय मुंबईहून तुम्ही रोमला उतराल, मी विमानतळावर समोर उभी असेन, तेथून अर्ध्या तासाची गाडी पकडून आपण तेर्मिनी स्थानकावर जाऊ आणि पुढे बारीपर्यंत सुमारे चार तासांचा रेल्वेप्रवास आहे. प्रत्येक ठिकाणी आपले सामान आपणच चढवायचे आणि उतरवायचे असते, माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. मी एकटी सगळे उचलीन असे म्हटले तरी बाबा ऐकणार नाहीत, हे एस.टी. स्टँडवरच्या हिरव्या ट्रंकेपासून आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

तुम्ही निघाल तेव्हा साताऱ्यात पाऊस लागलेला असेल, वाळत घातलेले कपडे ओलसरच राहतील आणि अंगात स्वेटर असेल, त्यामुळे उन्हाची तयारी करायला मन घेणार नाही. म्हणून मे महिन्यात जे कपडे वर काढता तेच काढा. येथे ऑगस्टमध्ये साधारणपणे तीस-बत्तीस अंश असतात, पण आफ्रिकेकडून शिरोक्को नावाचा वारा सुटला की पारा चाळिसापर्यंत जातो. बाबांनी बातम्यांत पाहिलेले 48.8 अंश हे 11 ऑगस्ट 2021 रोजी सिसिलीत सिराकूझाजवळ नोंदले गेले होते. ते युरोपातले आजवरचे सर्वांत जास्त तापमान आहे आणि आपण तिकडे जाणार नाही. मला रजा ऑगस्टमध्येच मिळते, कारण 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सणाच्या आसपास येथे बहुतेक कामे थांबतात. तुम्हाला थंडीच्या आधी, निवांत हवेत बोलवायला हवे होते, हे मला कळते.

आई, तू तीन सुती साड्या आण, चौथी नेसून ये. येथे रात्री धुतलेली साडी सकाळी कोरडी मिळते, त्यामुळे एवढ्या पुरतात. रेशमी साडी आणू नकोस. घामाने ती खराब होईल आणि तुझा जीव तिच्यात अडकून राहील. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, तेव्हा सान निकोलाच्या बॅसिलिकात साडी आणि तुझी पातळ शाल यांपेक्षा योग्य वेश दुसरा नाही. तीच शाल विमानातल्या थंडीत उपयोगी पडेल. बाबांनी अर्ध्या बाह्यांचे तीन सुती सदरे, दोन पातळ पँटी आणि एक पायजमा घ्यावा. टॉवेल मुळीच नको, दोन पंचे घ्या. पंच्याला वजन नाही, तो तासाभरात वाळतो आणि दुपारी भिजवून मानेवर टाकला तर मोठा आराम पडतो. पांढरी टोपी आणि आईची घडीची छत्री विसरू नका, कारण येथे छत्री उन्हासाठीच लागेल.

चपलांबद्दल मात्र मी ऐकणार नाही. बारीच्या आणि लेच्चेच्या जुन्या गल्ल्यांत चुनखडीच्या फरशा आहेत. शेकडो वर्षे पाय घासून त्या इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की कोरड्या असतानाही पाय सरकतो. माटेराच्या सास्सी वस्तीत, जेथे लोक डोंगरात कोरलेल्या घरांत राहत असत, तेथे तर पायऱ्यांना अंतच नाही. तुम्हा दोघांनी रबरी तळव्याचे, मागून पट्टा असलेले सँडल आजच घ्यावेत आणि पाऊस उघडला की ते घालून टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चालून यावे, म्हणजे नवी चप्पल परदेशात चावणार नाही. प्रवासात तेच पायात असू द्या. दुसरा जोड म्हणजे घरात घालायच्या साध्या स्लिपर.

आता औषधे, आणि हा परिच्छेद बाबांनी मोठ्याने वाचावा. सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांसह एका वेगळ्या पिशवीत ठेवा. केबिनमध्ये जागा उरली नाही म्हणून बॅग खाली मालात द्यायला सांगितले, तर आधी ती पिशवी बाहेर काढून घ्या. आईचे इन्सुलिन मालाच्या कप्प्यात कधीही जाता कामा नये, कारण ते गोठले तर वाया जाते. पेन, सुया आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र एकत्र असले की तपासणीत अडचण येत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपनीची नावे येथल्या दुकानदाराला कळत नाहीत. बाबा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी आहे. कडक उन्हात तिचे प्रमाण तेच ठेवायचे का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना नक्की विचारा आणि स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. आई, श्रावणातले उपवास तू करशील हे मी गृहीत धरले आहे, भगर आणि दाणे घरात आहेत, परंतु इन्सुलिन घेऊन या उन्हात रिकाम्या पोटी मी तुला घराबाहेर पडू देणार नाही.

तेल, शाम्पू आणि मलम यांची प्रत्येक बाटली 100 मिलिलिटरची किंवा त्याहून लहान हवी. बाटली किती भरली आहे हे न पाहता तिच्यावर लिहिलेले माप पाहतात, त्यामुळे अर्धी झालेली मोठी बाटली काढून घेतली जाईल. आजोबांचा अडकित्ता बाबांच्या खिशात सदैव असतो. तो कृपा करून देवघराच्या खणात ठेवून या. तपासणीत तो गेला तर मला फार वाईट वाटेल. पाण्याची बाटली रिकामी आणा. येथे चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे ओतीव लोखंडी नळ आहेत. पूर्वी हा प्रांत पाण्यासाठी तळमळत असे. डोंगरापलीकडच्या सेले नदीच्या उगमाचे पाणी कालव्याने 1915 मध्ये बारीला पोहोचले. माण-खटावचा दुष्काळ पाहिलेल्या बाबांना ही गोष्ट आवडेल, म्हणून लिहिली.

आई, पुढचे वाक्य लिहायला मी सकाळपासून टाळत होते. मोती चौकातले कंदी पेढे आणि तुझे साजूक तूप या वेळी आणता येणार नाही. युरोपात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे आणि ते जप्त होतात. कढीपत्त्याचीही तीच गत आहे. लोणचे हातातल्या बॅगेत द्रवात धरतात आणि मसाल्याच्या पुड्या अडवल्या जाऊ शकतात. तू रात्री जागून काही करशील आणि ते तुझ्या डोळ्यांसमोर टोपलीत पडेल, हे मला सहन होणार नाही. गूळ-शेंगदाण्याची चिक्की मात्र अवश्य आण, अर्धा किलो आण, त्यासाठी हवे तर माझ्यासाठी घेतलेला कुर्ता काढून ठेव. तू रिकाम्या हाताने आलीस असे मला कधीच वाटणार नाही. तुझ्या हातचा वरणभात मला येथेच, माझ्या कुकरमध्ये केलेला हवा आहे.

घरात काय आहे याची काळजी करू नका. तांदूळ, तूरडाळ, चहापूड, आले, हिरव्या मिरच्या सर्व मिळते आणि विरजण मी जिवंत ठेवले आहे. तुमच्या खोलीत एसी आहे, बाबांसाठी गादीखाली फळी घातली आहे, बादली आणि तांब्या आणला आहे. संडासाशेजारी पाण्याने स्वच्छ होण्यासाठी वेगळे भांडे असते, ज्याला बिदे म्हणतात. इटलीत 1975 पासून प्रत्येक घरात ते असणे नियमानेच आवश्यक आहे, तेव्हा मागच्या वेळी जर्मनीत झाली तशी पंचाईत येथे होणार नाही. दुपारच्या वेळेला येथले लोक कोन्त्रोरा म्हणतात. त्या तीन-चार तासांत दुकाने बंद असतात आणि गल्ल्या ओस पडतात. बाबांच्या वामकुक्षीला यापेक्षा चांगला देश मला माहीत नाही. बाहेर मांसाहार टाळणेही कठीण नाही. बाकला नावाच्या घेवड्यासारख्या शेंगेच्या सुक्या दाण्यांचे घोटलेले पिठले आणि कडसर पालेभाजी हा येथला जुना गरिबाघरचा पदार्थ आहे, आणि बाबा तो रोज मागतील असे मला वाटते.

सहलीच्या आदल्या रात्री बाबा माझी पिशवी भरत, कपड्यांच्या सुरनळ्या करून पंच्यात गुंडाळत, आणि आई तू झोपेत मला विचारत असायचीस की रुमाल घेतला का. काल तिकिटे काढून झाल्यावर मी येथे रिकाम्या खोलीत बसून माझ्याच कपड्यांच्या तशा सुरनळ्या करून पाहिल्या आणि एका लहान बॅगेत किती मावते ते मोजले. सगळे मावते. तशाच सुरनळ्या करा. इस्त्री करून, पूर्ण कोरडे झालेलेच कपडे भरा, नाहीतर पावसातला कुबट वास येथपर्यंत येईल. दोन्ही बॅगा काळ्या आहेत, म्हणून मुठीला लाल दोरा बांधा, तू माझ्या दप्तराला बांधायचीस तसा.

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या दोन-दोन प्रती काढून एक संच आईच्या पर्समध्ये आणि एक बाबांच्या पिशवीत ठेवा. येत्या रविवारी बॅगा भरून बाबांनी आधी एकट्याने आणि मग बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि दोन्ही आकडे मला फोनवर सांगावेत. सात किलोंच्या वर गेले तर काय काढायचे ते मी सांगेन. आईने परस्पर स्वतःची शाल काढू नये.

तुमची,
धाकटी