मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

दिमोना, इस्राएल, जानेवारी २०२६

प्रिय मावशी,
सप्रेम शालोम.

हिटलरच्या राजवटीत झालेला ज्यूंचा संहार मी वर्गात शिकवते, त्यावरून परवा फोनवर तू म्हणालीस, "कोवळ्या पोरांना कशाला गं ते भयंकर दाखवता? आणि आपल्या कोकणातल्या माणसांवर कुठे ती वेळ आली होती?" तेव्हा तुझा कुकर वाजत होता आणि माझी बस आली होती. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुझी काळजी दूर करते. प्रेतांचे ढीग आम्ही दाखवत नाही. जेरुसलेमच्या याद वाशेममध्ये, म्हणजे त्या संहाराच्या स्मारकात, शिक्षकांना पहिली गोष्ट हीच सांगतात, की मुलांना घाबरवून काही शिकवता येत नाही. म्हणून मी मरणापासून सुरुवातच करत नाही. पोलंडमधल्या वॉर्साचा किंवा ग्रीसमधल्या सलोनिकाचा एखादा जुना कौटुंबिक फोटो फळ्यावर लावते. शिंप्याचं दुकान, शाळेचा गणवेश, फुटबॉलचा संघ. पोरं त्या घरात रमली की मग पुढे. एप्रिल १९३३ मध्ये जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. १९३५ मध्ये नागरिकत्व काढून घेणारे कायदे. मग बागेतलं बाक वेगळं. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत सिनेगॉग जाळली. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारते, आता शेजारच्या माणसाला काय करता आलं असतं? सुरुवातीला उत्तरं पुष्कळ येतात. पुढे पुढे कमी होत जातात, आणि माझा खरा धडा तोच असतो.

यंदा यानुश कोरचाक शिकवला. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, अनाथाश्रम चालवणारा डॉक्टर. जुलै १९४२ मध्ये त्याच्या आश्रमातल्या पोरांनी नाटक केलं, आणि कुठलं, तर आपल्या रवींद्रनाथांचं 'डाकघर'! खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल. नाटक झालं, आणि तीन आठवडेही गेले नसतील, तोवर कोरचाकला आणि सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं. स्वतःचा जीव वाचवायची संधी त्याला मिळाली होती, ती त्याने नाकारली. वर्गात हे नाटक वाचताना अमलचं काम एका इथिओपियन मुलाने केलं. फार छान वाचलं गं त्याने.

आता तुझा दुसरा प्रश्न. "मोरा, तुमच्या घरचं कोण गेलं?" हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मोरा म्हणजे बाई, मास्तरीण. मी सांगते, कुणी नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांचंही उत्तर तेच असतं. कुणाचे आजी-आजोबा मोरोक्कोचे, कुणाचे आपल्या पेण-पनवेलचे. (लिबियातल्या ज्यूंनासुद्धा १९४२ मध्ये जादोच्या छावणीत कोंडलं होतं. पाचशेवर माणसं मेली, बरीचशी टायफसने. हे इथल्या पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं.) पण मावशी, जेरुसलेमचं मंदिर पडलं तेव्हा तरी तू-मी कुठे होतो? तरी आजी त्या आठवणीचा उपास, बिरड्याचा रोजा, धरायचीच ना? आठवण ठेवायला घरातलं माणूस गेलेलं असावं लागत नाही, एवढं मी तिच्याकडूनच शिकले.

पण नुसती आठवण पुरत नाही, असं मला हल्ली फार वाटतं. स्मरणदिनाचा सायरन वाजला की पोरं डोळे पुसतात, आणि मधल्या सुट्टीत त्याच तोंडाने एकमेकांना "काळ्या" म्हणतात. म्हणून मी आपली गोष्ट सांगते. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींनी हुकूम काढला, की बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. आपली माणसं जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने आपण पुरते ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्यू राज्यात, ज्यूंनीच ज्यूंचं रक्त तपासायचं! हे ऐकून वर्ग चिडतो. आपली पोरं तर ताठ बसतात.

मग मी त्यांना गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल सांगते. रागावू नकोस. आपण कोकणात काय केलं ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. ज्याची आई किंवा आजी जातीबाहेरची, तो काळा. त्याच्याशी सोयरीक नाही, त्याला भांड्याला हात लावू द्यायचा नाही, प्रार्थनेला तो मागे. गावात आपण शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवून तेल गाळणारे, वरच्यांच्या लेखी खालचे, आणि आपल्याही खाली कुणीतरी हवंच होतं. हे सांगून झालं की ताठ बसलेली पोरं जरा सैल होतात.

सगळ्यात अवघड ते गाझाचं. ते टाळून शिकवता येत नाही. एका मुलीने विचारलं, "पुन्हा कधीच नाही असं आपण म्हणतो, ते फक्त आपल्यापुरतं का?" ज्याचा भाऊ सैन्यात आहे तो मुलगा उठून बाहेर गेला. मी तिला बोलू दिलं, मग त्याच्यापाशी जाऊन बसले. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने मारलेल्यांचं दुःख कुठल्याच हिशेबाने कमी होत नाही, आणि गाझात मेलेलं मूल हेही मूलच. मी दोन्ही वाक्यं एकाच तासाला म्हणते. एका पालकाने त्यावरून तक्रार केली. करू दे. वर्गात माझा एक नियम आहे, माणसाला जनावराचं किंवा किड्याचं नाव द्यायचं नाही, मग तो कुणी का असेना. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तिथल्या तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणत होते आणि रस्त्यावर कोयते चालत होते, हे मी त्यांना त्या नियमासोबतच सांगते.

या वर्षी शोआचा, म्हणजे त्या ज्यू-संहाराचा, स्मरणदिन कधी येतोय माहीत आहे? १४ एप्रिलला! तुमच्याकडे जयंतीची मिरवणूक असेल, इथे सकाळी दहाला दोन मिनिटं सायरन वाजेल आणि हमरस्त्यावरच्या गाड्याही थांबतील. (रॉकेटचा सायरन वर-खाली होतो, हा एकसुरी असतो. इथल्या लहान पोरांनाही फरक कळतो.) त्याच आठवड्यात मी महाडचं चवदार तळं शिकवणार आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथलं पाणी प्यायली म्हणून त्यांना मारहाण झाली, आणि मग तळं 'शुद्ध' करायला गोमूत्र ओतलं. आपल्या जिल्ह्यातली गोष्ट, पण इथे जन्मलेल्या आपल्या पोरांनी ती ऐकलेलीच नाही.

त्यासाठी तुझ्याकडून एक हवंय. तुझ्या लहानपणी गोरे-काळे कसं पाळायचे, कुणाला कुठे बसवायचे, तू काय पाहिलंस, ते मोबाईलवर मराठीत बोलून पाठव. हिब्रू मी करीन. कुणाची नावं घेऊ नकोस, त्यांची नातवंडं इथेच आहेत आणि एक तर माझ्या वर्गात आहे. बोलायला जड जात असेल तर राहू दे, पण मग तसं फोन करून सांग, म्हणजे मी वाट पाहत बसणार नाही.

काकांना शालोम. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी भाची